धुक्यात आलेली राणी

गिरणीवाल्याची बायको तारऑफिसात शिरली तेव्हा तिच्या हातात नवऱ्याला आलेली तार होती, आणि चेहरा असा होता की दारात उभ्या असलेल्यांनी न सांगता वाट करून दिली. तिने कागद टेबलावर आपटला.

"वाचा," ती म्हणाली. "जरा मोठ्याने वाचा."

टेबलामागे बसलेल्या टकळीबाईने वाचलं. "गहू भरला, गाडी उद्या निघते, राणी रुसू नकोस, पोती मोजून घ्या."

"आता ही राणी कोण ते सांगा."

टकळीबाईला खरं नाव होतंच, पण ऑफिसात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नसे. सकाळी आली की तोंडाची टकळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिलाही ते मान्य होतं. आज मात्र तिने कागद पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला. तार तिनेच उतरवून घेतली होती. समोरच्या पेटीवरची सुई डावीकडे-उजवीकडे झुकायची, त्या झुकण्यावरून अक्षर ओळखायचं आणि कागदावर लिहायचं, एवढंच तिचं काम. नियम भिंतीवर रंगवून ठेवला होता: सुई बोलेल ते लिहा, आपली अक्कल चालवू नका. सुई राणी म्हणाली, हिने राणी लिहिलं. गव्हाचा व्यापारी गिरणीवाल्याशी इतक्या लाडात का येईल, ही शंका तिला चाटून गेली होती. पण अक्कल चालवायची नव्हती ना.

गिरणीवाल्याने घरी आपल्या परीने बाजू सावरायला बघितली. राणी हे गव्हाच्या जातीचं नाव असेल, असं तो बोलून गेला. मग गव्हाची जात रुसते कशी, असं बायकोने विचारलं आणि बिचारा त्या दिवसापासून गोदामात जेवायला लागला.

हे एकच प्रकरण असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण धुकं पडलं की टकळीबाईच्या सुईला भलतंच काही सुचू लागे. एका म्हातारबुवांच्या औषधाच्या तारेत 'डोळ्यांसमोरून हलत नाहीस' असं आलं. ते त्यांना आजाराचं लक्षण वाटलं आणि ते कागद घेऊन डॉक्टरकडे गेले. अशा तक्रारी साठत गेल्या आणि शेवटी मोठे साहेब आले.

साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी टकळीबाईला समोर बसवलं.

"बाई, दोनातलं एक काहीतरी होतंय. एक तर तुम्ही मनाने लिहिताय, नाहीतर बंदराच्या तारेवरचं तुमच्या तारेत गळतंय. मनाने लिहीत असाल तर तुम्ही घरी जा. गळत असेल तर बंदराच्या तारेवर कुणीतरी कामाच्या वेळात प्रेमाच्या गप्पा मारतंय, मग त्यांना घरी पाठवतो. तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला काही माहीत नाही, साहेब."

"ठीक आहे. पुढच्या धुक्यात मी स्वतः तुमच्या पाठीमागे उभा राहीन. सुई एक अक्षर जरी भलतं बोलली, तर तुमचं टेबल बंद."

टकळीबाईला सगळं माहीत होतं. तिच्या शेजारच्याच टेबलावर बंदराच्या तारेची पेटी होती आणि त्या पेटीपुढे तिची नणंद बसायची. राणीच्या भानगडीनंतर पुन्हा धुकं पडलं, तेव्हा टकळीबाईने पहिल्यांदाच मान वळवून शेजारी बघितलं. वन्संची सुई झोकात डुलत होती आणि हिची सुई त्याच तालात, पण अर्ध्या अंगाने, तीच अक्षरं पुटपुटत होती. वन्संचे कान लालबुंद झाले होते. बंदरावरचा तारवाला काम नसलं की वन्संशी बोलायचा आणि वन्संही त्याच्याशी बोलायच्या. आपलं बोलणं शेजारी ऐकू जातंय, याचा दोघांना तेव्हा पत्ताच नव्हता.

अर्ध्या अंगाने आलेली अक्षरं सोडून द्यायची, असंही टकळीबाईने करून बघितलं. पण ओल्या हवेत खरी अक्षरंसुद्धा अशक्त यायची. एका डॉक्टरांच्या तारेतलं अर्धं वाक्य त्यात गळालं, तेव्हा तिने तो नाद सोडला.

साहेबांना खरं सांगितलं तर वन्सं घरी बसणार होत्या. नाही सांगितलं तर ही. घरात दोघींचं काही फार गुळपीठ नव्हतं. फणी कुणी कुठे ठेवली यावरून सकाळ सुरू व्हायची. पण लग्न होऊन आली तेव्हा रिकामी बसून कंटाळलेल्या वहिनीला हात धरून तारऑफिसात आणलं होतं ते वन्संनीच. डावं-उजवं करत एकेक अक्षर शिकवलं होतं, चुकली तेव्हा साहेबांसमोर पांघरूण घातलं होतं. टकळीबाईचा जीव होता त्या कामावर. आणि वन्संवरही होता, हे तिला त्या दिवसांत कळलं. कळलं म्हणून फणीवरचं भांडण थांबलं असं मात्र नाही.

प्रश्न होता तो एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवण्याचा. ती सवय तिला नव्हती. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी घासत असलेल्या सासूबाईंपाशी जाऊन उभी राहिली.

"आई, माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये."

"मग सांगून मोकळी हो."

तिने सगळं सांगितलं. राणी, बंदरवाला, साहेब, सगळं. सासूबाई पातेलं घासत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. ती ताटं पुसून घे."

ताटं पुसून ती बाहेर आली आणि थोड्या वेळाने वन्सं आत गेल्या. आत कुजबुज झाली. "साहेब तिला बोलले ते मी ऐकलं. माझ्यामुळे वहिनीचं काम जाणार, आई. मी तर त्याच्याशी बोलायचंच सोडलंय. आता मी साहेबांना सांगून टाकते," एवढं वन्संच्या भावाला बाहेर बसल्या जागी ऐकू आलं, पुढचं आलं नाही. मग सासूबाईंचं तेच "बरं" आलं, आणि त्यामागून "आज नको, जरा थांब." वन्सं डोळे पुसत बाहेर आल्या आणि फणी कुठे आहे म्हणून वहिनीवर खेकसल्या.

हा भाऊ, म्हणजे टकळीबाईचा नवरा, तारखात्यातच होता. खांबांवर चढून तारा ओढायचं आणि दुरुस्त करायचं काम. दिवसभर वर एकटाच असल्यामुळे त्याला फारसं बोलायची सवय नव्हती. दोन्ही तारा शहरापासून फाट्यापर्यंत एकाच खांबांवरून जात. प्रत्येक खांबावर, तार लाकडाला टेकू नये म्हणून, चिनी मातीचे दोन पेले, एका पेल्यावर बंदराची तार, दुसऱ्यावर गिरण्यांची. धुक्यात पेले ओले होत, खांब ओला होई आणि वीज एका तारेतून निघून ओल्या लाकडावरून सरपटत दुसरीत शिरे. त्याने पेले पुसले, बदलले, लाकडाला डांबर लावलं. धुकं पुन्हा आलं की पुन्हा तेच.

जेवायला बसल्यावर तो आईकडे बघत राहिला.

"आई, ही तिकडून येऊन तुला हिचं सांगते, ती इकडून येऊन तिचं सांगते. तुझ्याकडून इकडचं तिकडे कधी गेलेलं मी पाहिलं नाही. ते सगळं जातं कुठे?"

"कुठे जाणार? जिरतं."

"कुठे जिरतं?"

"माझ्यात जिरतं. मधे मी नसते तर तुमच्या घराचं कौल राहिलं नसतं. जेव आता."

तो जेवला नाही. घास हातातच राहिला. टकळीबाईला वाटलं, याला सगळं कळलं आणि आता बहिणीवर चिडणार. पण त्याने विचारलं ते भलतंच.

"दोन तारांच्या मधे मी तिसरी उघडी तार लावली आणि खांबावरून खाली ओल्या मातीत नेऊन पुरली तर?"

"मला विचारताय?" टकळीबाई म्हणाली.

"म्हणजे बघ, बंदराची वीज ओल्या खांबावरून निघाली. तुझ्या तारेकडे जाता जाता तिला वाटेत ही भेटली, की ती जाईल सरळ खाली."

"आणि जिरेल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी वाढलं.

साहेबांच्या परवानगीशिवाय खांबाला खिळासुद्धा ठोकता येत नसे. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"विजेसाठी आपण पैसे मोजतो आणि तुम्ही ती मातीत घालायला सांगताय?"

"ती तशीही आपल्या हातातून गेलेलीच आहे, साहेब," नवरा म्हणाला. "शेजारी जाऊन लावालाव्या करते, एवढंच थांबवायचंय."

साहेब चक्क हसले. "म्हणजे गळती थांबणार नाही, चुगली थांबेल. लावा. पण अट तीच. एक अक्षर जरी आलं तरी टेबल बंद."

फाट्यापर्यंतच्या सगळ्या खांबांना तार लागली. टकळीबाईने सुट्टीच्या दिवशी जाऊन माती ओली आहे का ते स्वतः हाताने चाचपून बघितलं, आणि एका खांबाखाली तर घरून नेलेली बादली ओतली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई खांबाला पालवी फुटायची वाट बघतेय.

मग धुकं पडलं. असं पडलं की ऑफिसच्या पायऱ्या चढल्यावरच दार दिसावं. वन्संनी आल्या आल्या आपल्या पेटीची मूठ हातात घेतली होती. बंदरवाल्याला निदान आज तरी गप्प राहा म्हणून सांगायचं होतं. पण पाऊल वाजलं, वळून बघितलं तर साहेब आत आलेले. त्यांनी टोपी काढली आणि दोन टेबलांच्या बरोबर मागे येऊन उभे राहिले. वन्संनी हात मांडीवर घेतला.

गिरण्यांची तार मोकळी होती. टकळीबाई आपल्या सुईकडे टक लावून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग शेजारची सुई हलली, आणि हलली ती अशी की पेटी टकटकायला लागली. बंदरवाला बोलत होता. राणीने बोलणं टाकल्यामुळे तो इतके दिवस तळमळत होता, आणि इकडे कोण उभं आहे याची त्या बापड्याला कल्पना असायचं कारण नव्हतं.

साहेब स्वतः तारबाबूचे साहेब झालेले. सुई त्यांना पुस्तकासारखी वाचता यायची. टकळीबाईला हे आठवलं. आपलं टेबल, आपली नोकरी, सगळं ती त्या क्षणी विसरली. खोकावं, दौत सांडावी, काहीतरी करावं असं तिला वाटलं, पण सुईवरून नजर काढायची सोय नव्हती. तिची स्वतःची सुई मात्र जागची हलत नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, अर्ध्या अंगानेही नाही.

शेजारची टकटक थांबली.

"बाई," साहेब टकळीबाईला म्हणाले, "तुमच्या सुईवर काय आलं?"

"काही नाही, साहेब."

"मलाही काही दिसलं नाही. शाबास." त्यांनी टोपी उचलली. मग वन्संकडे न बघता, भिंतीवरच्या नियमाकडे बघत म्हणाले, "मी फक्त ही एक सुई तपासायला आलो होतो. दुसऱ्या सुईवर जे काही असेल ते जिरलं, असं समजा. पण पुढचं त्यांनी टपालाने लिहावं. टपालालाही धंदा पाहिजे."

साहेब धुक्यात दिसेनासे झाले. वन्संनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतायत की हसतायत ते आधी कळेना, मग दोन्ही आहे असं दिसलं. टकळीबाईने आपल्या सुईकडे बघितलं. टेबल वाचलं होतं, तिला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, आणि तरी एक रुखरुख होतीच. इतके दिवस धुक्याधुक्यातून ऐकलेली गोष्ट, आणि नेमका शेवट हुकला. साहेब पाठीमागे उभे असताना शेजारी डोकावून बघता आलं नव्हतं. आता विचारायचंही नाही, असं तिने ठरवलं. ते तिला किती जड गेलं हे तिचं तिलाच माहीत.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तो रविवारी येतोय. आईला भेटायला. मी बोलत नाही म्हणून सरळ घरीच येतोय."

"मला कशाला सांगताय, वन्सं? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"म्हणून तर तुला सांगितलं. दादाला सांगायची मला लाज वाटते. आईला काय, माहीतच असेल." वन्संनी नाक पुसलं. "आणि आधी गिरणीवाल्याच्या घरी जाऊन सांग, राणी मीच म्हणून. तो बिचारा अजून गोदामात जेवतोय."

टकळीबाईने शाल खांद्यावर टाकली. तिला आजवर कुणी, काही सांगून ये म्हणून, आपण होऊन धाडलं नव्हतं.

"कितपत सांगू?" तिने दारातून विचारलं.

"सगळं सांग," वन्सं म्हणाल्या.