सामानाचा रकाना

क्लाइव्ह फर्नांडिस अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता आणि पुरता थकला होता. विमान उडवून नव्हे, विमानापायी घर सोडून राहून. तीस वर्षं त्याने आफ्रिकेत एका इंजिनाची चिमुकली विमानं उडवली. इकडे मालवणात त्याच्या बायकोने, जुलियानाने, एकटीने दोन मुलं वाढवली, मुलं परदेशी गेली, आणि मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आता आठवड्यातून तीनदा कणकवलीला डायलिसिस. परत आल्यावर तिला गाडीतून धरून उतरवावं लागे. आणि नैरोबीची कंपनी सारखी फोन करी, येतोस की दुसरा बघू?

तेवढ्यात भाईच्या डोक्यात विमान शिरलं. भाई म्हणजे तारकर्लीचा हॉटेलवाला. त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. घरच्यांना मुंबईला न्यायला-आणायला चार आसनांचं विमान हवं, आणि चालवणारा आपल्या गावचाच हवा! क्लाइव्हला देव पावल्यासारखं झालं.

विकायला दोन विमानं होती. एक नवं, गुळगुळीत, वेगवान. दुसरं पंचवीस वर्षांचं, रंग उडालेलं, सावकाश जाणारं, पेट्रोलही जास्त पिणारं. पण ओझं उचलायला रेड्यासारखं. भाईने जुन्याचा फोटो बघून तोंड वाकडं केलं.

"ह्या डबड्यात बसान मुंबयक जाव? त्यापरीस एस्टी बरी."

तरी त्याला दोघांची तुलना कागदावर हवी होती. क्लाइव्हने सगळ्यांना काजूच्या कारखान्यातल्या काट्यावर उभं केलं. भाई अठ्ठ्याण्णव, बायको पूजा एकसष्ट, मुलगी रिया पन्नास, स्वतः चौऱ्याहत्तर. झाले दोनशे त्र्याऐंशी किलो. नवं विमान माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून तीनशे पंच्याऐंशी उचलायचं. मुंबईपर्यंतचं आणि वर पाऊण तासाचं राखीव, असं शंभर किलो पेट्रोल वजा केलं. उरले दोनशे पंच्याऐंशी. माणसं बसली, दोन किलो शिल्लक! राहिला सामानाचा रकाना.

"सामान कसला? हातात मोबाइल," भाई म्हणाला. क्लाइव्हने शून्य लिहिलं.

अहो, मालवणचा माणूस मे महिन्यात मुंबईला हात हलवत जाणार? क्लाइव्हला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण जुनं सुचवलं तर भाई सगळा बेतच मोडेल, आणि मग नैरोबी. तेव्हा हा शहाणा मुकाट बसला. लाज वाटायची ती नंतर वाटली.

विकणाऱ्याने नवं विमान दोन दिवस चालवून बघायला पाठवलं. सकाळी भाईची गाडी धावपट्टीवर आली आणि डिकीतून आंब्याच्या दोन पेट्या, उकड्या तांदळाची पिशवी, नारळ आणि कोकम आगळाच्या बाटल्या उतरल्या. क्लाइव्हने एकेक जिन्नस ताणकाट्याला लावला. त्रेसष्ट किलो.

"भाई, ह्या सगळा जावचा नाय."

"मगे मुंबयच्या बहिणीक काय तोंड दाखवू? थोडा पेट्रोल काढ."

"वाटेत पंप नाय, भाई."

"अरे, दाब जरा! तीस वर्षां उडवतस ना?"

रिया मागच्या आसनावर पट्टा बांधून, मोबाइल काचेला लावून बसलीसुद्धा होती. धावपट्टी लांब होती, विमान कदाचित उठलंही असतं. असल्या कदाचितपायी गेलेल्या दोन दोस्तांना क्लाइव्हने आफ्रिकेत माती दिली होती.

"ह्या विमान तुमचा न्हय," तो म्हणाला. "ता जुना घेवा. चार माणसां घेवन वर सत्त्याहत्तर किलो नेता."

भाईने विचारलं, "ह्या तुका आज कळला?"

"नाय. कागद केलंय तेव्हाच कळला होता. तुमका नवा आवडला, म्हणान शून्य लिवलंय. माका नोकरी होयी होती."

पूजाने लेकीला खाली उतरवलं. भाई चार शिव्या घालता तर क्लाइव्हला बरं वाटलं असतं. पण गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "माझ्या चेडवाक बसवलंस रे त्येच्यात."

तिसऱ्या दिवशी भाईचा फोन आला. जुलियाना नुकतीच कणकवलीहून येऊन खाटेवर पडली होती आणि क्लाइव्ह तिच्या पायातल्या चपला काढत होता. बोलणं मिनिटभरात संपलं.

"काय म्हणता भाई?"

"जुना विमान घेतल्यान."

"जुनाच? तू सांगलेला?" ती कोपरावर उठून बसली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा असा फुलला नव्हता. "मगे तू आता हयच रवतलस!"

क्लाइव्हने चपला खाटेखाली सरकवल्या. "चालवक पुण्याचो माणूस ठरयल्यान."

जुलियाना पुन्हा आडवी झाली. रडणं, बोल लावणं यासाठीही अंगात बळ लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

"तू नैरोबीक जा," ती म्हणाली. "पण सोमवारी माका कणकवलीक कोण व्हरतलो, ता आधी ठरव."