लिफ्टमध्ये बसवलेली सासू

सूनबाई कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढं सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. त्यामुळे कुणाचा फोन तापला, कुणाचा प्रिंटर रुसला, की तिची आठवण निघायची. ती नेमकं करते काय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. दिवसा ती एका विमा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची आणि घरी आल्यावर विसावा म्हणून पुन्हा प्रोग्रॅमच लिहायची. फरक एवढाच, की घरचे प्रोग्रॅम बोलायचे, उजळायचे, गायचे. खिडकीतली कुंडी पाणी मागायची. आभाळ भरून आलं की छत्र्यांचा स्टँड निळा व्हायचा. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तारांनी बळकावला होता. सासूबाई ह्या सगळ्याला 'उपद्व्याप' म्हणायच्या, आणि कुंडीला मात्र न चुकता "देते गं, देते" असं उत्तर द्यायच्या.

घरातली खरी अडचण म्हणजे सासूबाईंचे गुडघे. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट जुनी, ओढून लावायच्या जाळीच्या दाराची. वर गेलेल्या माणसाने दार उघडं टाकलं की लिफ्ट तिथेच ठाण मांडून बसायची आणि खाली सासूबाई ताटकळायच्या. डॉक्टरांनी जिना बंद केला होता. थोरल्या मुलाचं घर तळमजल्यावर. लिफ्टचं काही जमलं नाही तर रविवारी आईला घेऊन जातो, असं त्याने सांगून टाकलं होतं.

"मला नाही जायचं," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तिथली सून फार गोड बोलते. दिवसभर भांडायचं कुणाशी?"

आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक सूनबाईने मुकाट्याने पचवलं आणि टेबलाचा उरलेला अर्धा भागही ताब्यात घेतला.

लिफ्टसाठी तिने केलेली डबी छोटीशीच होती. दार उघडं राहिलं की ती बोलणार. पण किती वेळाने? लगेच बोलली तर हातात पिशव्या असलेल्या माणसाचा अपमान, उशिरा बोलली तर माणूस घरात जाऊन चहा पीत असणार. ह्या मधल्या क्षणाच्या सूनबाई प्रेमातच पडली. लिफ्टपाशी उभी राहून लोकांची लगबग न्याहाळायची, वर येऊन सेकंदांचा आकडा बदलायची, पुन्हा खाली जायची. नवरा एकदा म्हणाला, "अगं, दारच तर आहे." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर त्याने दारांविषयी मत देणं सोडलं.

आवाज इमारतीच्या अध्यक्षांनी दिला. बराच वेळ घसा खाकरून ते म्हणाले, "रहिवाशांना नम्र विनंती, कृपया दार बंद करावे."

शनिवारी सकाळी डबी लिफ्टमध्ये बसली. दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर सवयीने दार उघडं टाकून निघाला आणि लिफ्ट कडाडली, "दार लाव आधी! शेपूट राहिलंय का बाहेर?"

डॉक्टर गर्रकन वळला, दार लावलं आणि रिकाम्या लिफ्टला म्हणाला, "चुकलं, काकू."

वर चौथ्या मजल्यावर सासूबाईंच्या हातातला कप हातातच राहिला. "मी इथे आहे ना गं?"

घोटाळा सूनबाईच्या लक्षात आला. माइक चालतो का ते बघत असताना नवरा गॅलरीचं दार उघडं टाकून आत आला होता आणि सासूबाईंनी त्याला फैलावर घेतलं होतं. चाचणीसाठी तीच फाईल वापरली होती. मधल्या क्षणाचा हिशेब इतका झकास जमला, की आवाज बदलायचाच राहिला.

"आई, चाचणीची फाईल आत राहिली."

"मी चाचणीची?"

"तसं नाही हो. तुम्ही ओरडत होता आणि माइक चालू होता."

"मी अशी ओरडते?"

नवरा पेपर वाचू लागला. पेपर कालचा होता.

"चारचौघांत शोभा केलीस माझी," सासूबाई म्हणाल्या. "उद्या जातेच मी थोरल्याकडे."

सूनबाईने फाईल बदलली. दिवसभर अध्यक्ष विनंती करत राहिले आणि लोक "हो, हो" म्हणत निघून जात राहिले. दातांचा डॉक्टरसुद्धा.

रविवारी थोरला आला तो जिन्याने, धापा टाकत. बॅग घेऊन सगळे लिफ्टपाशी उभे राहिले. लिफ्ट सहाव्या मजल्यावर अडकली होती. वरून अध्यक्षांचा आवाज झिरपत होता, "नम्र विनंती..." बटण दाबून दाबून थोरल्याचा अंगठा लाल झाला. "नम्र विनंती..."

सासूबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग जाळीला तोंड लावून त्या गरजल्या, "दार लाव आधी! शेपूट राहिलंय का बाहेर?"

वर धडाधड पावलं वाजली, दार आदळलं आणि पुन्हा अध्यक्षांचाच आवाज आला, ह्या वेळी रेकॉर्ड न केलेला. "लावलं, लावलं, वहिनी!"

लिफ्ट निमूट खाली आली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"बॅग घरात नेऊन ठेव रे," त्या थोरल्याला म्हणाल्या. "आणि तू गं, माझा आवाज परत घाल. पण नीट घे. त्या दिवशी घसा बसला होता माझा."

टेबलावर माइक आला. सासूबाईंनी केस सारखे केले, चष्मा पुसला आणि अगदी थोरल्या सुनेच्या तोंडी शोभेल अशा आवाजात म्हणाल्या, "दार लावता का जरा?"

"आई, असं नाही."

"मग कसं? सगळी इमारत ऐकणार आहे. जरा बरं नको का वाटायला?" आणि त्या आणखी गोड झाल्या.

सूनबाई उठली, गॅलरीचं दार सताड उघडं टाकून आली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून वाट पाहत बसली.