हिंमतचा मुलूख

भैरोबाच्या पायरीवर हात ठिवून सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय! रुद्र बाळा, दात काढू नगंस. ऐक.

सणसवाडीला लागून आपली वस्ती. मागच्या खोलीत पार पूर्वेच्या डोंगरातलं एक नागा पोरगं भाड्यानं ऱ्हायचं, कंपनीत कामाला. नाव इम्ती. माझ्या जिभेला हिंमतच जमायचं. त्याच्या गावची मिरची अशी जहाल, की त्यानं चटणी वाटली की नगरला निघालेला ट्रकवाला शिंकता शिंकता भलत्याच रस्त्याच्या वरवंडला निघायचा.

तवा माझ्या दिराचा विक्रम वस्तीला येगळी ग्रामपंचायत मागत हिंडत व्हता. "आमच्या वस्तीचं आमीच ठरवनार!" त्याच्या अर्जावर मी बी अंगठा दिल्ता.

एक दिस टपरीवर च्या पिताना विक्रमनं इचारलं, "हिंमत, तुमारा मुलूख कौनसा?"

आपल्यात मुलूख म्हंजी गावाकडचा भाग. त्यांच्या हिंदीत मुल्क म्हंजी देश. पोरगं सरळ. म्हनलं, "मुल्क तो मिला नहीं, भैया. दादा ने, सब नागा लोगों ने, कागज़ पे अंगूठा दिया था, हमारा हम तय करेंगे. किसी ने सुना नहीं."

विक्रमनं गिलास खाली ठिवला. "देश फोडतो व्हय रं?"

मी मधी पडले. "आरं, तू गाव इचारलंस, त्याला देश ऐकू आला! आन् त्याच्या आज्यानं अंगठा दिला तर फोडाफोडी, मग मी दिला त्यो कशाचा रं?"

"काकी, ती पंचायत हाय. तुमी घरी जावा."

"घर माझं, खोली माझी. तिथं कोन ऱ्हाईल ते मी ठरवीन!"

समदी हसली. मग विक्रमनं आन् टपरीवरच्या पोरांनी हिंमतला बाकावरनं वढलं. मी वरडत व्हते, कुनी मागं वळून बघितलं न्हाई. शेवटाला दगडानं त्याचा उजवा अंगठाच ठेचला. विक्रम म्हनला, "आता दे, कुटं द्यायचा त्यो."

लुगड्याची चिंधी फाडून मी बांधली. पोरगं रडलं बी न्हाई. त्याच सांजंला बॅग उचलून गेलं, मिरचीची बरणी तेवढी ऱ्हायली.

पुढं वस्तीला पंचायत मिळाली. विक्रम सरपंच झाला, घरोघर पेढे वाटले. माझा मी कुत्र्याला घातला.

मुलखाला पोचल्यावर हिंमतचा फोन आला. "अम्मा, अंगूठा ठीक है," म्हनला.

काय बघतोस? ट्रकवाल्याचं खोटं वाटलं व्हय? ते खरंच हाय.

फोनचं तेवढं मी पदरचं घातलंय. मीच लावते अधनंमधनं. फोनातली बाई म्हनती, बंद हाय.