वीणा बाजाराला निघाली

वीणा गळ्यात घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पुंजाबाबाचे गुडघे लटपटायला लागले ते यज्ञेश्वरबुवांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

मोहपाड्याच्या मारुतीपुढे आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. सप्ताहाचा चौथा दिवस. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नाम, आणि त्या नामाचा प्राण म्हणजे वीणा. ती गळ्यात अडकवून एकजण उभा राहतो, त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. वीणेकऱ्यानं बसायचं नाही आणि वीणा भुईला टेकवायची नाही. टेकली की सप्ताह मोडला.

"बाबा, कुणाचा पहारा आता?" बुवांनी विचारलं.

"बुधाचा व्हता," पुंजाबाबा म्हणाला. "त्याच्या मागं लहानूचा."

"मग कुठं आहेत दोघं?"

"बाजाराला गेली नव्हं का समदी. आज हरसूलचा बाजार."

बुवा नाशिकचे, पंचवटीतले. घराणं यात्रेकरूंचे तीर्थविधी सांगणारं, पण बुवांचा जीव गुंतलेला कीर्तनात. गोदेकाठी कुठं टाळ वाजला की हा माणूस पानावरून उठायचा. म्हणून तर नाशिकच्या कीर्तनसभेनं डोंगरातली भजनी मंडळं उभी करायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं. तीन पाड्यांवर त्यांनी टाळ नेऊन दिले, चाली शिकवल्या, पहिल्या वर्षी काय तो उत्साह! दुसऱ्या वर्षी जावं तर टाळ खुंटीला आणि माणसं गायब. एका पाड्यावर तर सप्ताह मधेच मोडला, त्या पावसाळ्यात दोन बैल दगावले, आणि लोकांनी टाळ फडक्यात बांधून परत पाठवले. देव कोपला म्हणाले. सभेतले वडीलधारे तेव्हापासून म्हणत, "बुवा, तुमचा भाव मोठा, पण डोंगरात टाळ रुजायचे नाहीत."

मोहपाडा हा शेवटचा. इथलं मंडळ मात्र खरं होतं. लहानूचा पखवाज ऐकला की बुवांच्या अंगावर काटा यायचा, त्याला शिकवायला कुणी बसलं नव्हतं तरी. इथं सप्ताह पार पडला की मंडळ उभं राहिलं, असं बुवांनी सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि तिथी काढली पंचांग बघून: चैत्री एकादशीला समाप्ती, द्वादशीला काला. उत्तम योग. बाजार कोणत्या वारी येतो, हे काही पंचांगात नव्हतं आणि बुवांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

पुंजाबाबा एका बाजूला कलला. बुवा धावले, वाकून त्याच्या पायांना हात लावला, आणि पट्टा आपल्या गळ्यात घेतला. म्हातारा खांबाशी टेकला तो टेकलाच.

मांडवात उरली भागीबाई. लहानूची आई ती. सारवणाचा पोतेरा हातात घेऊन एका कडेला नाम घेत बसलेली.

"भागीबाई, ही मंडळी येतील ना दुपारपर्यंत?"

भागीबाईनं नाम थांबवलं नाही. दोन वेळा म्हणून झाल्यावर, श्वास घ्यायच्या जागी, ती म्हणाली, "येतीन का नाय ते मी कसं सांगू, बुवा?"

"म्हणजे?"

"सावळीराम मुकादम आलाय बाजारात. लॉरी घेऊन. सुरगाण्याच्या रानात लाकूडतोड लागलीय." ती पोतेऱ्याकडं बघत राहिली. "होळी झाली का जातातच माणसं. औंदा तुमच्यासाठी थांबली व्हती."

बुवांच्या हातातली तार चुकली. "मला कुणी बोललं कसं नाही?"

"तुमच्या तोंडावर कसं बोलावं? तुम्ही देवाचं सांगत व्हता."

ऊन मांडवाच्या कडेनं आत सरकत होतं. पट्टा मानेत रुतायला लागला. बुवा नाम घेत होते, पण मन हरसूलच्या रस्त्यावर. लॉरी निघाली असेल का? निघाली असेल तर उद्या वीणा कोण घेणार? पुंजाबाबाला उभं राहवत नाही. आपल्याच्यानं किती वेळ निभणार? संध्याकाळ? आणि मग? मोडणार. पुन्हा मोडणार. पुन्हा कुणाचा तरी बैल मरणार आणि टाळ फडक्यात बांधून येणार. पांडुरंगा, माझ्या हौसेपायी या गरिबांच्या माथी तुझा कोप कशाला?

वीणा खाली ठेवायची नाही. बसायचं नाही. पण... चालायचं नाही असं कुठं आहे? दिंडीत वीणा चालतेच की! सप्ताहातली वीणा मांडवाबाहेर काढल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार त्यांनी अर्ध्यावरच सोडला.

"भागीबाई, इथलं नाम तुटता कामा नये. धराल?"

"मी? बाईमाणसानं?"

"तुम्हीच तर सकाळपासून धरलंय."

भागीबाई पोतेरा टाकून पुढं येऊन बसली. "जावा," म्हणाली. "आन् लवकर जावा. लॉरी उन्हं कलायच्या आत सुटते."

वहाणा मांडवाच्या पलीकडं होत्या. बुवा तसेच निघाले. रस्ता तापलेला, फुफाटा घोट्यापर्यंत. एका हातानं तार छेडत, दुसऱ्यानं भोपळा सावरत, 'रामकृष्णहरी' म्हणत पन्नाशीचा माणूस उतारावरून जवळजवळ पळत होता. वाटेत मोहाची फुलं वेचणाऱ्या दोन बाया टोपल्या टाकून हात जोडून उभ्या राहिल्या. बुवांना त्यांच्याकडं बघायचीही उसंत नव्हती. एक ठेच लागली तेव्हा वीणा पुढं झुकली. बुवांनी गुडघा टेकून ती वरच्यावर झेलली, आणि तिथंच भर उन्हात त्यांचे डोळे भरून आले. भोपळा भुईपासून टीचभर राहिला होता.

बाजार उठायला आला होता. बांगडीवाला अब्बासभाई आपली पेटी आवरत होता. दर उरुसाला आणि दर महाशिवरात्रीला नाशकात दुकान मांडणारा हा माणूस बुवांना चांगला ओळखे.

"अरे बुवा! वीणा विकायला आणली की काय?"

"अब्बासभाई, मस्करी नको. रामकृष्णहरी. सावळीरामाची लॉरी... रामकृष्णहरी... गेली का?"

"वडाखाली उभी आहे, माणसं भरतोय. पण तुमचे पाय बघा आधी! भाजलेत." त्यानं तांब्या उचलला. "माझ्या हातचं पाणी तुम्ही पिणार नाही, ते मला ठाऊक आहे. पायांवर तरी घालू द्या."

घसा कोरडा पडला होता. बुवांनी तांब्याकडं क्षणभर पाहिलं. "घाला," ते म्हणाले, आणि पाय पुढं केले. पाणी फुफाट्यात जिरलं. "आता पळा," अब्बासभाई म्हणाला.

वडाखाली लॉरीचं इंजिन घुरघुरत होतं. मागच्या फळ्यांत माणसं दाटीनं उभी, आणि त्यांत लहानू, बुधा, मंडळाची सगळी मंडळी. वीणेचा आवाज आला तसा बुधानं मान खाली घातली. लहानू मात्र टुणकन खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला, चोरी करताना सापडल्यासारखा.

"बुवा, तुम्ही वीणा घेऊन... इथवर?"

"कुठं चाललास रे, लहानू?"

"घरात नागलीचा दाणा नाय उरला, बुवा." लहानू म्हणाला. "आज नाय चढलो तर मुकादम दुसरी माणसं घेतो. सांगायचं व्हतं तुम्हाला. रोज सांगायचं व्हतं. तुम्ही पोथी उघडली का सांगणं घशात अडकायचं." मग त्यानं मान वर केली. "तुम्ही म्हणाल तर उतरतो समदी. तुमचा शब्द म्हंजी देवाचा."

बुवांच्या ओठावर शब्द आला होता: थांबा. एवढंच म्हणायचं होतं. ही माणसं उतरली असती, पाड्यावर परतली असती आणि उपाशीपोटी वीणा धरून उभी राहिली असती. सप्ताह पार पडला असता. सभेत मान ताठ झाली असती. आणि पुढच्या चैत्रात टाळ हातात घेताना यांना काय आठवलं असतं?

सावळीराम मुकादम फळीवर थाप मारून ओरडला, "अहो महाराज, आशीर्वाद द्यायचा तर लवकर द्या! घाट चढायचाय मला."

बुवांनी नाम सोडलं नाही. त्याच दमात विचारलं, "लहानू, आता पहारा कुणाचा?"

"माझा," लहानू म्हणाला. "बुधाचा झाला की माझा."

"मग घे."

बुवा वाकले. पंचवटीतल्या यज्ञेश्वरबुवांनी भर बाजारात, लाकूडतोडीला निघालेल्या लहानूच्या धुळीच्या पायांना हात लावला. लहानू घाबरून मागं सरला, मग भानावर येऊन खाली वाकला, आणि पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात गेला. नाम त्याच्या तोंडी आपोआप लागलं.

"ओ, हे काय?" सावळीराम खाली उतरला. "मी लाकडं तोडायला नेतोय, भजनाला नाय!"

"आळीपाळीनं एक उभा राहील," बुवा म्हणाले. "बाकीचे काम करतील."

"आन् त्या एकाचं काम कोण करणार? तुम्ही?"

"आम्ही वढू," वरून बुधा म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं मान वर केली होती. "एकाचं काम समद्यांत वढू. तुमच्या कामाचा खाडा नाय पडायचा, मुकादम."

सावळीरामानं एकेकाकडं पाहिलं. डोकं खाजवलं. "रातभर गाणार का?"

"सप्ताह आहे. रात्रंदिवस."

"मागल्या मुक्कामाला वाघरू आलं व्हतं," सावळीराम स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "गाणं आसलं तर लांब तरी राहील. चढा! पर काम अडलं ना, तर वीणा रानात आन् तुम्ही घरी. सांगून ठेवतो."

"काल्याला मी येतो तिकडं," बुवा म्हणाले. "कीर्तन रानातच करू."

"वाट ठाव हाय?"

"विचारत येईन."

लहानूला वर घेताना चौघांनी हात दिले. एकानं वीणेचा भोपळा तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत धरला. लॉरी हिसका देऊन सुटली. बाकीचे मटकन खाली बसले, त्या रस्त्याला उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. लहानू उभाच. फळीला पाठ लावून, पाय फाकवून, एका हातानं तार छेडत. बुधानं त्याची कंबर दोन्ही हातांनी कवटाळली होती.

पुढं पहिलंच वळण उतरतं, एका अंगाला दरी. बुवांना ते दिसलं मात्र, ते लॉरीमागं धावत सुटले.

"लहानू! बस रे! बसलास तरी चालेल! मी सांगतोय, बस!"

लहानूनं ऐकलं. त्यानं बुवांकडं पाहिलं, मान हलवली. नाय.

"अरे, देव काही म्हणायचा नाही! बस!"

"नाय बुवा!" धुरळ्यातून आवाज आला. आणि त्यामागून नाम, एकट्याचं नव्हे, सगळ्यांचं, चढत्या आवाजात.

लॉरी वळणाआड गेली. बुवा रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभे राहिले, कान त्या आवाजावर. आवाज होता. मग इंजिनाची घरघर तेवढी राहिली. मग पुन्हा, खाली कुठंतरी, होता बहुतेक. त्यांना खात्री करून घेता येईना. नाम घेत ते तसेच उभे राहिले, आणि मग आठवलं की मांडवात भागीबाई एकटीच नाम धरून आहे. तेव्हा ते वळले आणि भाजलेल्या पायांनी पाड्याची चढण चढायला लागले.