तेलिया बाबांची मांडी

आमच्या पिंपळाखालचे तेलिया बाबा काळ्या दगडाचे. मांडी घालून बसलेले, उजवा हात जमिनीला टेकवलेला. ज्या घरचं बाळ अंग धरत नसेल त्या बाईने पाच रविवार बाबांना तेल चोळायचं, तेच तेल बाळाला लावायचं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवायचं. ते आपणहून रडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मोठ्याने रडलं की जगलं.

माझा भाऊ बिसेसर चार महिन्यांचा झाला तरी आम्ही त्याचा आवाज ऐकला नव्हता. मांजराच्या पिल्लासारखं नुसतं तोंड उघडायचा. आई अंथरुणाला खिळलेली. म्हणून त्याला सुगिया फुआ न्यायची. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, जिभेने तिखट. चार रविवार झाले, बिसेसर रडला नाही.

पाचव्या रविवारी सकाळीच गोरा साहेब आला. बरोबर मुन्शी, बैलगाडी, दोरखंड आणि शेजारच्या गावचे सहा मजूर. मूर्ती कलकत्त्याच्या म्युझियममध्ये न्यायची होती.

"हे तुमचे बाबा नाहीतच," मुन्शी म्हणाला. "साहेबांनी ग्रंथ वाचलेत. हे बुद्धदेव आहेत. तुम्ही हिंदू माणसं, तुमचं यांच्याशी काय नातं?"

"असतील बुद्धदेव," फुआ म्हणाली. "नाव तुझ्या साहेबाला ठाऊक. पण यांच्या डाव्या कानामागे दोनदा तेल चोळावं लागतं, हे ठाऊक आहे का त्याला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"तेलाने दगड झिजतो, म्हणतात साहेब."

"झिजवलाच आहे आम्ही. आजीच्या आजीपासून. परका माणूस कशाला झिजवेल?"

साहेबाने छडी हलवली. मजूर पुढे सरकले. तेवढ्यात फुआने बिसेसरला बाबांच्या मांडीवर ठेवलं. मजूर जागीच थांबले.

"उचल ना रे झगरू," फुआ त्यांच्या म्होरक्याला म्हणाली. "तुझ्या आईने याच मांडीवर ठेवलं होतं तुला. रेड्यासारखा ओरडला होतास."

"फुआ, चारचौघांत कशाला गं..." झगरूने दोर खाली टाकला. "मुन्शीजी, बाळ रडेपर्यंत हात लावता येणार नाही. सांगा साहेबांना."

साहेब खुर्ची मागवून बसला. ऊन चढलं. मी बिसेसरच्या छातीकडे बघत होते. रडला तर बाबा जाणार, नाही रडला तर भाऊ. मागणं मागायचं तर तेही बाबांकडेच. आठ वर्षांच्या पोरीने काय मागावं?

दुपार कलली आणि बिसेसर रडला. असा रडला की पिंपळावरचे पोपट उडाले. फुआ एकाच वेळी हसत होती, डोळे पुसत होती. तिने त्याला उचललं. साहेब टोपी घालून उठला.

आणि पनवा काकीने आपलं पोर मांडीवर ठेवलं.

"अहो, हे तर चांगलं गुबगुबीत आहे!" मुन्शी किंचाळला.

"दृष्ट लावू नका, मुन्शीजी. थुंका आधी."

भरपेट पाजलेलं ते पोर बाबांच्या मांडीवर घोरू लागलं. काकीमागे आपापली पोरं घेऊन आणखी अकराजणी उभ्या होत्या. शेवटी शेजारच्या गावाहून एक बाई धापा टाकत, पोर कडेवर घेऊन आली.

"ही कोण आता?" मुन्शीने विचारलं.

झगरूने मान खाली घातली. "माझीच आहे, मुन्शीजी."

दिवस मावळताना गाडी रिकामी गेली. पुढे साहेब तीनदा आला. मांडी त्याला कधी रिकामी दिसली नाही.

आता तिथे कुंपण आहे, फलक आहे. फलकावर बुद्ध लिहिलंय, ते बरोबरच असेल. दूरदूरचे भिक्खू येतात, माझ्या शेजारी हात जोडून बसतात. तू कोण, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. पहारेकरी मात्र विचारतो. या रविवारी मी नातीची अशक्त मुलगी नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवली, तर धावत आला.

"दादी, तेल बंद आहे. बाळ उचला."

मी कुंपणाला पाठ टेकून पाय पसरले.

"बस इथे, बाबू. रडू दे तिला. मग उठते."