कपाटात राहिलेला साबण

मित्रांनो, साबण हा जुना होण्याचा जिन्नस नव्हे. तो एक तर झिजतो किंवा मोरीतून वाहून जातो. मी मात्र एक जुना साबण आहे, आणि त्याचे कारण असे की, कित्येक महिने माझ्यावर केवळ दया करण्यात आली.

माझा जन्म निराधार तरुण-तरुणींच्या आधारगृहात झाला. तेथील मुले हाताने साबण तयार करीत आणि त्याच्या विक्रीवर त्यांचे शिक्षण व निवारा चाले. मला घडविणारी मुलगी अंगाने लहानखुरी, म्हणून तिला सर्व जण बारकी म्हणत. तिने हातमोजे चढविले, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळविला, तो निवल्यावर तेलात ओतला आणि चमच्याने ओढलेली रेघ वर टिकू लागेपर्यंत मिश्रण घोटले. तेलांचे माप तिचे स्वतःचे होते. फेस भरपूर व्हावा म्हणून तिने खोबरेल सढळ हाताने घातले. तदनंतर सहा आठवडे मी फळीवर वाळत पडलो. आधारगृह चालविणाऱ्या मास्तरीणबाईंनी तिला सांगितले होते, "गिऱ्हाइकं खूश झाली, तर साबणाचं सगळं खातं तुझ्याकडे." त्या एका वाक्यावर मुलीचा जीव टांगलेला होता.

मला शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी विकत घेतले. त्यांनी माझा वास घेतला, "बिचारी पोरं!" असे उद्गार काढले आणि मला कपाटात कापडांच्या घड्यांमध्ये ठेवून दिले. कपाट स्वच्छ होते. माझी कोणतीही गैरसोय नव्हती. फक्त ज्या कामासाठी मी जन्मलो, ते काम मला कोणी सांगितले नाही.

चार महिन्यांनी बारकी दारात आली. कपाट अर्धवट उघडे होते, सबब मला सर्व संभाषण ऐकू आले.

"काकू, मागचा साबण कसा वाटला?"

"अगं, फारच छान!"

"फेस होतो ना?"

"होतो म्हणजे? आवरत नाही!"

आतून काका म्हणाले, "कुठला साबण? मी तर अजून दुकानातली ती हिरवी वडीच घासतोय."

"तुम्हाला घरातलं कधी काय माहीत असतं? पेपर वाचा तुम्ही!"

बारकी हसली. "सगळे छानच म्हणतायत. मग उद्या याच मापाने शंभर वड्या घालते."

ती गेली. काकू मशीनवर बसल्या, परंतु टीप वाकडी गेली. उसवून पुन्हा घातली, तीही वाकडी. अखेर त्या उठल्या आणि मला नळाखाली धरले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते पहिले पाणी! फेस खरोखरच आवरेना. मला धन्यता वाटली. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाच-सहा वेळा माझ्यानेच हात धुतले. मग शिवायला रेशमी अस्तर घेतले, तो त्यांच्या बोटाच्या टोकाला रेशमाचा धागा अडकला. दुसरे बोट फिरविले, तेथेही अडकला. कातडी कोरडी आणि खरखरीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला व अस्तराच्या एका तुकड्याला कागदात गुंडाळून काकू आधारगृहात पोहोचल्या. बारकी तेल मोजत होती.

"थांब गं! काल मी खोटं बोलले. साबण वापरलाच नव्हता."

"आणि आता?"

"आता वापरला. फेस झकास आहे. पण हात कोरडे ठणठणीत पडतात. हे बघ, रेशीम अडकतंय."

बारकीचा चेहरा उतरला. "मग बाकीचे सगळे छान कसं म्हणाले?"

"त्यांच्या कपाटात डोकावून ये."

बारकीने लागोपाठ तीन वेळा माझ्याने हात धुतले आणि तो तुकडा बोटांवरून ओढला. धागा अडकला. सर्वांसमक्ष माझा दोष सिद्ध झाला. तो खरा होता, म्हणून मी राग धरला नाही.

बारकीने मोजलेल्यातले निम्मे खोबरेल डब्यात परत ओतले. मग शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मास्तरीणबाईंकडे न पाहता म्हणाली, "गिऱ्हाईक नाखूश. खातं गेलं ना माझं?"

मास्तरीणबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. "कोठीत तिळाचं तेल आहे, घेऊन ये. किल्ली आता तुझ्याकडेच राहू दे. आणि सोड्याचं माप नव्याने काढ. तेल बदललं की सोडा बदलतो, विसरू नकोस."

बारकीने किल्ली उचलली.

सध्या माझा मुक्काम तेथील नळापाशी आहे. काम संपल्यावर मुले माझ्याने हात धुतात आणि मग हातांना थोडे तेल चोळतात. माझी जाडी नखाएवढी उरली आहे. आणखी चार दिवस पुरेन.

तेवढ्यात एक विनंती करतो. कोणी आपल्या हाताने घडविलेली वस्तू घेतलीत, तर ती वापरा. चांगली निघाली तर चांगली म्हणा, वाईट निघाली तर तसे सांगा. परंतु कपाटात ठेवून तिची स्तुती करू नका. तुमच्या एका शब्दावर विसंबून कोणी तरी उद्याच्या शंभर वड्यांचे तेल मोजायला बसलेले असते.