झुंबरबाईच्या कणगीत सरकारी पोतं

आमच्या औंढ्यात पंचायतीची निवडणूक झाली आन भुर्दंड पडला मला. मी झुंबर. मी ना उभी राहिले, ना मला कुणी मत विचारलं!

महिपती निवडून आला. पडलेला अंबाजी म्हनला, फेरमोजणी करा. केली, तरी महिपतीच. मग तालुक्याच्या कारकुनानं मतांच्या चिठ्ठ्या पोत्यात भरल्या. "फेरमोजणीचं दप्तर आहे, वर्षभर जपायचं. कायदा आहे," म्हनला.

चावडीत उंदीर. महिपतीच्या घरी अंबाजी ठिवू देईना, अंबाजीच्या घरी महिपती. शेवटी दोघं माझ्या दारात. का, तर मी दोघांनाबी सारख्याच शिव्या देते!

माझ्या बांबूच्या कणगीत भाताचं बी व्हतं, वर थोडी जागा. तितं पोतं ठिवलं. मी आपली दर वर्साच्या रीतीनं झाकण शेणानं लिंपलं, तर त्या मेल्या कारकुनानं वर लाखेची मोहोर ठोकली! "फोडली तर तुरुंग," म्हनला आन गेला.

शिमगा व्हता तवर काय वाटलं न्हाई. मग मृग आला. रोपं करायचा राब भाजून तयार, आन पेरायचं बी सरकारजमा! तशीच कचेरीत कारकुनाकडं गेले.

"भाऊसाहेब, पोतं काढा. मला बी घिऊ द्या."

"वर्ष व्हायचंय, बाई."

"तवर खाऊ काय? तुमच्या चिठ्ठ्या?"

त्यानं वर बघितलंसुदिक न्हाई. अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी यिऊन रडले, खोटं कशाला सांगू! वर्साचं पोट व्हतं त्या कणगीत.

आमचं मालक म्हनलं, "मी फोडतो मोहोर. जातो तुरुंगात."

"गप बसा! मग चिखलणी कोण करंल?"

बोलता बोलता माझं ध्यान गेलं. मोहोर कणगीच्या तोंडाला. बुडाला कुटं हाय? शेजारणींना हाक मारली आन कणगी पालथी घातली. बुडाच्या कामट्या कापल्या, बी काढलं, पेरलं. मोहोर खाली, धक्का न्हाई. सुगी झाल्यावर नवं बियाणंबी त्याच कणगीत भरलं आन वरनं लिंपून टाकलं.

फिरून शिमग्याला कारकून हजर. "मुदत संपली. दप्तर जाळायचा हुकूम आहे. मोहोर कुठंय?"

"खाली."

बिचाऱ्यानं जमिनीला गाल लावून बघितलं. नाकात भुसा गेला, शिंका सुरू झाल्या.

"कणगी उलटी करा!"

"बी सांडंल की."

"मग काढा ते बी!"

"आवं, बियाची कणगी पेरणीबिगर कोण उघडतंय? मृगाला या."

"मृगाला? तोवर साहेब माझी नोकरी खाईल, बाई!"

लई गयावया केली. मी ऐकते व्हय!

आन मृगाला आला बरं का, हुकूम खिशात घिऊन. मी म्हनलं, बी पेरल्यावर कणगी रिकामी व्हईल, मग न्या तुमचं पोतं. लई घाई असंल, तर धोतर खोचा आन लागा पेरायला.

लागला की! आमच्या राबात कायद्यानं इतकं काम कधी केलं नव्हतं.